जीव वाचला, पण दुखणे उरले



गेल्या वर्षावासातली गोष्ट. आमच्या वस्तीच्या विहारात रोज संध्याकाळी ‘बुद्ध आणि त्यांचा धम्म’ या ग्रंथाचे वाचन चालू होते. बायका सतरंजीवर मांडी घालून बसायच्या. एक तरुण सून मात्र रोज मागच्या भिंतीला टेकून, एक पाय लांब करून बसायची आणि वाचन संपायच्या आधीच हळूच उठून जायची. एके दिवशी एका वयस्क बाईने तिला सगळ्यांसमोर टोकले, “विहारात असं पाय पसरून बसतात का गं?” ती काही बोलली नाही. ओटीपोटावर हात दाबत उठली आणि गेली.

मी तिच्या मागे गेले. तिने जे सांगितले ते असे. चार महिन्यांपूर्वी तिला दिवस गेले होते. घरात आनंद होता. दीड महिना होतो न होतो तोच एका रात्री पोटात कळ आली आणि ती मोरीतच कोसळली. गर्भ पिशवीत नव्हता, नळीत राहिला होता. नळी फुटून पोटात रक्त साचले होते. रात्री दीड वाजता रिक्षातून दवाखान्यात नेले, पोट उघडून नळी काढली, दोन बाटल्या रक्त चढवले. जीव वाचला. पाचव्या दिवशी घरी सोडले. पंधराव्या दिवशी ती नळावर हंडा घेऊन उभी होती. महिना भरायच्या आत मॉलमधल्या साफसफाईच्या कामावरही गेली.

“सिस्टर, उजवीकडं अजून दुखतं. पाळी आली की उभं राहवत नाही. पण सांगू कुणाला? घरात म्हणतात, बाळंतपण तर झालं नाही, मग कसलं अंग धरून बसतेस?”

हे वाक्य माझ्या डोक्यातून जात नाही. मी वॉर्डात काम केले आहे. नळी फुटलेली बाई रात्री-अपरात्री येते तेव्हा सगळा दवाखाना धावतो. रक्त मागवा, भूल देणाऱ्यांना बोलवा, थिएटर उघडा. तिथे आम्ही कमी पडत नाही. कमी पडतो ते नंतर. बाई शुद्धीवर आली, टाके सुकले, डिस्चार्ज कार्डावर शिक्का पडला की आमच्या लेखी ती बरी झाली. तिचे दुखणे मात्र तिच्यासोबत घरी जाते.

माझे म्हणणे सरळ आहे. नळीतल्या गर्भानंतर उरलेले दुखणे हे नाटक नाही आणि नशीबही नाही. ते तपासून घेण्याचा त्या बाईला हक्क आहे, आणि तिला विसावा देणे ही घराची आणि वस्तीची जबाबदारी आहे. ती आपण घेत नाही.

तिचा हिशेब कुठल्याच वहीत नाही

बाळंतपण झाले तर आशाताई घरी येते. दवाखान्यात बाळंतपण झाले असेल तर ४२ दिवसांत ६ भेटी ठरलेल्या आहेत. या भेटी बाळाला धरून आखलेल्या आहेत. बाळाचे वजन, बाळाचा ताप, त्यासोबत आईची चौकशी. जिथे बाळच नाही, तिथे भेटही नाही. यात आशाताईचा दोष नाही. तिच्या यादीत या बाईसाठी रकानाच नाही.

घरातही तेच. बाळंतिणीला डिंकाचा लाडू मिळतो, शेक मिळतो, सव्वा महिना बाज मिळते. नळीतला गर्भ गेलेल्या बाईचे पोट सिझेरियनसारखेच उघडलेले असू शकते. वर अंगातले निम्मे रक्त गेलेले असू शकते. तिला लाडू नाही, शेक नाही, बाज नाही. उलट “नळी काढली म्हणजे आता काही खरं नाही,” अशी कुजबुज मिळते.

आधी हे समजून घेऊ

गर्भ धरतो तो गर्भनळीत. तिथून सरकत तो पिशवीत येतो आणि तिथे रुजतो. काही वेळा तो वाटेतच, पिशवीच्या बाहेर रुजतो. शंभर गर्भधारणांपैकी साधारण एक ते दोन वेळा असे होते, आणि त्यातल्या नव्वद टक्क्यांहून जास्त गर्भ नळीतच असतात. नळी बारीक असते, गर्भाबरोबर वाढू शकत नाही. म्हणून तो गर्भ वाचवता येत नाही. वेळेवर कळले तर इंजेक्शन देऊन किंवा दुर्बिणीने ऑपरेशन करून भागते. उशीर झाला तर नळी फुटते आणि जिवावर बेतते.

असे का होते? आधी कधी पिशवीत किंवा नळीत संसर्ग झाला असेल, नळीला क्षयरोग म्हणजे टीबी झाला असेल, पोटाचे किंवा नळीचे ऑपरेशन झाले असेल, तर शक्यता वाढते. कुटुंबनियोजनाचे ऑपरेशन झालेल्या बाईला सहसा दिवस जात नाहीत. पण गेलेच तर ते नळीत असण्याचा धोका मोठा असतो. तांबी बसवलेल्या बाईचेही तसेच. म्हणून “माझं तर ऑपरेशन झालंय” असे म्हणून चुकलेल्या पाळीकडे दुर्लक्ष करू नका. ऑपरेशन होऊनही दिवस गेले तर सरकारकडून भरपाई मिळण्याची योजना आहे. त्या अर्जाला मुदत असते, कागद लगेच गोळा करा.

आणि हे ठळक लक्षात ठेवा: साधारण निम्म्या बायकांमध्ये काहीच कारण सापडत नाही. हंडा उचलला म्हणून, गाडीवर बसली म्हणून, पपई खाल्ली म्हणून, कुणाची नजर लागली म्हणून गर्भ नळीत राहत नाही. बावीस प्रतिज्ञा घेतलेल्या घरात तरी नजरेची भाषा निघू नये. पण ती निघते, मी कानांनी ऐकली आहे.

दुखणे का उरते

पहिले काही आठवडे दुखणारच. पोट उघडून ऑपरेशन झाले असेल तर वरची कातडी दहा-बारा दिवसांत जुळते, पण आतले थर भरायला सहा आठवडे आणि कधी जास्त लागतात. दुर्बिणीने झाले असेल तर पोटात भरलेल्या हवेमुळे दोन-तीन दिवस खांदा दुखतो, मग ते थांबते. इंजेक्शन दिले असेल तर पहिल्या आठवड्यात पोटात दुखू शकते; पण त्या काळातही नळी फुटू शकते, म्हणून दुखणे वाढले तर घरी थांबायचे नाही. पाळी बहुतेकींना महिना-दीड महिन्यात येते, कधी थोडी उशिरा. पहिली पाळी जास्त जाते आणि जास्त दुखते.

पण दोन-तीन महिने उलटले तरी दुखत असेल तर कारण शोधायला हवे. माझ्या अनुभवात एकच एक कारण क्वचित सापडते. बहुधा दोन-तीन गोष्टी एकत्र असतात.

एक, आत संसर्ग उरलेला असतो. अंगावरून घाण वासाचे पांढरे जाते, बारीक ताप येतो.

दोन, पोटातले अवयव एकमेकांना चिकटतात. रक्त साचल्यावर किंवा ऑपरेशननंतर असे होऊ शकते. वळताना, आतडे भरल्यावर, संबंधाच्या वेळी ओढ लागल्यासारखे दुखते. हे चिकटणे सोनोग्राफीत बऱ्याचदा दिसत नाही. म्हणून “सोनोग्राफी नॉर्मल आहे” याचा अर्थ “तुला काही होत नाही” असा नाही.

तीन, टाक्यांजवळची एखादी नस दुखावलेली असते. एका बोटाने दाखवता येईल अशा जागी जळजळ होते किंवा सुई टोचल्यासारखे होते.

चार, लघवीचा संसर्ग आणि बद्धकोष्ठ. वस्तीतल्या बायकांना हे वेगळे सांगायला नको. संडास सार्वजनिक, रांग मोठी, रात्री दिवा नाही. मग आपण पाणीच कमी पितो. लघवी दाबून धरतो. ओटीपोटातल्या दुखण्यात याचा वाटा मोठा असतो आणि डॉक्टर तो विचारत नाहीत, आपण सांगत नाही.

पाच, ओटीपोटाचे स्नायू. ज्या जागी एकदा जीवघेणी कळ आली ती जागा शरीर नंतरही आवळून धरते. सतत आवळलेला स्नायू दुखतो, दुखतो म्हणून बाई आणखी आवळते.

सहा, रक्त कमी असणे. रक्तस्राव झालेल्या बाईचे हिमोग्लोबिन पुन्हा तपासले नाही तर ती महिनोन्महिने पांढरीफटक राहते. त्या अंगाला छोटे दुखणेही मोठे होते.

आणि सातवे, मन. लंडनच्या इम्पीरियल कॉलेजच्या संशोधकांनी गर्भपात झालेल्या आणि नळीत गर्भ राहिलेल्या बायकांची पाहणी केली, ती २०२० साली प्रसिद्ध झाली. महिन्याने शंभरातल्या २९ बायकांना मानसिक आघाताची लक्षणे होती. तोच प्रसंग पुन्हा डोळ्यांसमोर येणे, झोप उडणे, दवाखान्याच्या वासानेही घाबरे होणे. नऊ महिन्यांनंतरही १८ जणींना ती होती. मन दुखते तेव्हा शरीराचे दुखणे खोटे ठरत नाही, ते वाढते. डॉक्टरांनी “टेन्शन आहे” म्हणून बाईला परत पाठवणे हा अर्धा उपचारही नाही.

या वेळी थांबू नका

काही लक्षणे अशी आहेत की नवऱ्याची वाट पाहायची नाही, सकाळची वाट पाहायची नाही. १०८ ला फोन करायचा किंवा मिळेल त्या गाडीने मोठ्या सरकारी दवाखान्यात जायचे:

पोटात अचानक जोराची कळ, चक्कर, डोळ्यांपुढे अंधारी, पोटदुखीबरोबर खांद्याच्या टोकाला दुखणे, तासाला एक पॅड भिजेल एवढे अंगावरून जाणे, १००.४ च्या वर ताप, टाक्यांतून पू. पोट फुगून उलट्या होणे आणि वारा न सरणे. एका पायाला सूज किंवा धाप लागणे. आणि पाळी चुकलेली असताना पोटात दुखणे. एकदा नळीत गर्भ राहिलेल्या बाईला पुन्हा तसे होण्याची शक्यता शंभरात साधारण दहा असते. म्हणून पुढच्या वेळी पाळी चुकताच लघवीची तपासणी करायची आणि सहाव्या आठवड्याच्या सुमारास सोनोग्राफी करून गर्भ पिशवीत आहे ना, हे पाहायचे.

हाच आकडा उलटा वाचा. शंभरात नव्वद वेळा पुढचा गर्भ योग्य जागी राहतो. दुसरी नळी चांगली असेल तर एका नळीवरही दिवस जातात. “नळी काढली म्हणजे वांझ झाली” हे खोटे आहे, आणि खरे असते तरी त्याने बाईची किंमत कमी झाली नसती.

घरी आणि दवाखान्यात काय करायचे

कागद सांभाळा. डिस्चार्ज कार्ड, सोनोग्राफी, रक्तगट. रक्तगट निगेटिव्ह असेल तर अँटी-डी इंजेक्शन दिले होते का, ते विचारा. आणि काढलेली नळी तपासणीला पाठवली होती का, तिचा रिपोर्ट कुठे आहे, हे जरूर विचारा. पुष्कळ रिपोर्ट दवाखान्यातच पडून राहतात, कुणी आणायला जात नाही. नळीच्या टीबीचा पत्ता त्या कागदात असू शकतो. टीबी निघाला तर घाबरू नका, त्याचे औषध सरकारी दवाखान्यात मोफत आहे.

दुखण्याची वही ठेवा. तारीख, पाळीचा कितवा दिवस, कुठे दुखले, दहापैकी किती, त्या दिवशी काय काम केले, संडास साफ झाली का. लिहिता येत नसेल तर मुलाकडून लिहून घ्या. महिनाभराची वही घेऊन गेलात की डॉक्टरला “पोटात दुखतं” एवढ्यावर बोळवण करता येत नाही. सार्वजनिक आरोग्य विभागाच्या दवाखान्यांत १५ ऑगस्ट २०२३ पासून तपासणी आणि उपचार मोफत केलेले आहेत. तिथल्या स्त्रीरोग विभागात जा. लघवी, हिमोग्लोबिन आणि आतली तपासणी एवढे तरी व्हायलाच हवे.

मेडिकलवरून रोज गोळी आणून खाऊ नका. साधी पॅरासिटामॉल ५०० ची एक गोळी, गरज लागली तर दोन, दोन वेळांत निदान सहा तासांचे अंतर, आणि दिवसाला आठ गोळ्यांच्या वर कधीच नाही. अंगाने बारीक असाल किंवा लिव्हरचा त्रास असेल तर त्याहूनही कमी, डॉक्टरांना विचारून. डायक्लोफेनॅकसारख्या गोळ्या उपाशीपोटी आणि महिनोन्महिने घेतल्या तर पोटात जखम होते, किडनीवर ताण येतो. गर्भासाठी इंजेक्शन दिले असेल तर त्या काळात या गोळ्या आणि फॉलिक अॅसिडची गोळी डॉक्टरांना विचारल्याशिवाय घ्यायची नाही, आणि निदान तीन महिने दिवस राहू द्यायचे नाहीत.

पोट उघडून ऑपरेशन झाले असेल तर सहा आठवडे हंडा उचलू नका. पंधरा लिटरचा भरलेला हंडा म्हणजे पंधरा किलो वजन. टाके भरल्यावर गरम पाण्याच्या पिशवीने शेक घ्या, मधे फडके ठेवून. पाणी प्या, भाजी खा, लोहाच्या गोळ्या पूर्ण करा. रोज थोडे चाला. दिवसातून दोनदा पाठीवर झोपून, गुडघे वर घेऊन, पोटावर हात ठेवून सावकाश श्वास घ्या, पोट वर येऊ द्या, सोडताना ओटीपोट सैल सोडा. पाच मिनिटे पुरे. विहारात आनापान शिकला असाल तर तेच इथे कामाला येते. पण ध्यान हा तपासणीला पर्याय नाही, हे ध्यान शिकवणाऱ्यांनीही सांगावे.

नवऱ्यांसाठी एक वाक्य: रक्त जाणे थांबेपर्यंत, जखम भरेपर्यंत आणि तिची स्वतःची इच्छा होईपर्यंत थांबायचे. दुखत असेल तर पुन्हा थांबायचे. यात चर्चा नाही.

आणि एक इशारा. सहा महिने उलटूनही दुखत असेल तर काही डॉक्टर पुन्हा दुर्बीण घालायला सांगतात. कधी त्याची गरज असते. पण काय शोधायचे आहे, त्याने काय फरक पडेल, हे विचारल्याशिवाय सही करू नका. नव्या ऑपरेशनने नवे चिकटणेही होऊ शकते. कुणी “पिशवीच काढून टाक, कटकट नको” म्हणाले तर दुसऱ्या डॉक्टरला दाखवल्याशिवाय हो म्हणू नका. बीड जिल्ह्यातल्या ऊसतोड करणाऱ्या बायकांच्या पिशव्या कशा काढल्या गेल्या, ते २०१९ साली सगळ्या महाराष्ट्राने वाचले. गरीब बाईच्या दुखण्यावर सगळ्यात सोपा इलाज म्हणजे तिचा अवयव काढणे, असे मानणारे लोक आहेत.

किसा गोतमीचे आपण काय केले

आता जे लिहिणार आहे ते काहींना आवडणार नाही. त्या सुनेला धीर द्यायला शेजारच्या बायका गेल्या होत्या. एकीने तिला किसा गोतमीची गोष्ट सांगितली. जिच्या घरात कुणी मेले नाही अशा घरातून मोहरी आण, असे तथागतांनी सांगितले. असे घर मिळाले नाही. तात्पर्य, सगळ्यांचेच जाते, म्हणून रडू नकोस. वर आणखी, “तुझं तर अजून बाळही नव्हतं.”

गोष्ट तीच, पण आपण ती उलटी वापरतो. तथागतांनी गोतमीला “गप्प बस” म्हटले नाही. वेडी म्हणून हाकलले नाही. त्यांनी तिला घरोघरी पाठवले. प्रत्येक दारात तिने आपले दुःख सांगितले आणि प्रत्येक दारातल्या बाईने आपले दुःख तिला सांगितले. त्या फेरीनंतर तिने आपल्या हातांनी लेकराला निरोप दिला. औषध मोहरीत नव्हते, त्या दारोदारच्या बोलण्यात होते, असे मला वाटते. आपल्या वस्तीत दारे एकमेकांना चिकटून आहेत आणि या एका विषयावर सगळी बंद आहेत. मी विचारायला लागले तेव्हा आमच्या दोन गल्ल्यांतच चार बायका निघाल्या. एकीला अठरा वर्षे झाली होती. तिने शेजारणीलाही कधी सांगितले नव्हते.

माता रमाईने पाचांपैकी चार लेकरे गमावली. आपण तिला त्यागाची मूर्ती म्हणून हार घालतो, दर ७ फेब्रुवारीला भाषणे करतो. तिच्या अंगावर त्या दुःखाने काय केले, ती किती आजारी राहिली, यावर कुणी बोलत नाही. सहन करणाऱ्या बाईची पूजा करण्यापेक्षा आजच्या बाईचे सहन करणे कमी करणे, हे रमाईला जास्त आवडले असते असे मी समजते.

बाबासाहेबांनी १९२८ साली मुंबईच्या कायदेमंडळात कामगार स्त्रियांच्या प्रसूती रजेच्या विधेयकाला पाठिंबा दिला. आईला विश्रांती मिळणे हे राष्ट्राच्या हिताचे आहे, ही त्यांची भूमिका होती. १९६१ च्या मातृत्व लाभ कायद्यात गर्भपातानंतर सहा आठवड्यांची आणि गर्भधारणेमुळे झालेल्या आजारासाठी आणखी एक महिन्यापर्यंतची पगारी रजा आली, आणि सामाजिक सुरक्षा संहिता, २०२० मध्येही ती तरतूद आहे. त्या सुनेला ठेकेदाराने हे सांगितले नव्हते. वीस दिवसांचा पगार कापला, आणि “जागा भरतो” अशी धमकी दिली. ठेकेदारीतल्या बायकांनो, डॉक्टरकडून आजाराचा दाखला लिहून घ्या, त्यात “गर्भधारणेमुळे” हा शब्द असू द्या, आणि रजेचा अर्ज लेखी द्या, त्याची पोच घ्या. धुणीभांडी करणाऱ्या बहिणींना या कायद्यातले काहीच मिळत नाही. ती लढाई अजून बाकी आहे.

विहाराने काय करावे

मी मोठ्या योजना सांगत नाही. तीन गोष्टी सांगते, आमच्या महिला मंडळाने त्या सुरू केल्या आहेत.

पहिली, पाण्याची पाळी. गर्भ गेलेल्या किंवा पोटाचे ऑपरेशन झालेल्या बाईच्या घरी सहा आठवडे दुसऱ्या घरांनी पाणी भरायचे. आमच्या सहा घरांच्या पाळीत दर घराला आठवड्यातून एक-दोनच दिवस आले. मुलगेही भरतात.

दुसरी, सोबत. दवाखान्यात एकटी बाई गेली की तिला दोन मिनिटांत परत पाठवतात. सोबत वही घेतलेली दुसरी बाई असली की तेच डॉक्टर बसायला सांगतात. हा माझा वॉर्डाच्या दोन्ही बाजूंचा अनुभव आहे.

तिसरी, महिन्यातून एक रविवार वंदनेनंतर फक्त बायकांचे बसणे. तिथे कुणी उपदेश करायचा नाही. ज्यांना आतून फार अंधारून येते, जगणे नकोसे वाटते, त्यांच्यासाठी टेलि-मानसचा १४४१६ हा मोफत नंबर भिंतीवर लिहून ठेवला आहे. तिथे मराठीतही बोलता येते.

आणि हो, विहाराच्या मागच्या भिंतीशी दोन खुर्च्या ठेवल्या आहेत. ज्यांना खाली बसवत नाही त्यांच्यासाठी. कारण विचारायचे नाही.

त्या सुनेचे काय झाले? मी तिच्यासोबत स्त्रीरोग विभागात गेले. हिमोग्लोबिन ७.९ निघाले. लघवीत संसर्ग होता. बद्धकोष्ठ तर होतेच. कामावर संडासला जायला परवानगी मागावी लागते म्हणून ती दिवसभर पाणीच पीत नव्हती. नळीचा रिपोर्ट दवाखान्याच्या कपाटातच पडून होता, तो काढून घेतला, टीबी नव्हता. औषधे झाली, लोह झाले, श्वासाचा व्यायाम झाला. चार महिन्यांनी तिच्या वहीतला सातचा आकडा तीनवर आला. पूर्ण गेले का? नाही. पाळीच्या दिवसांत अजून दुखते, आणि डॉक्टर म्हणतात आत थोडे चिकटलेले असावे. पण आता ते का दुखते ते तिला माहीत आहे. मरणाची कळ कोणती आणि नेहमीची कोणती, हा फरक तिला कळतो. तिची सासू आता स्वतः पाणी भरते. मला एकदा म्हणाली, “सिस्टर, मला कुणी सांगितलंच नव्हतं गं.”

सासूबाईंचे ते बोलणे खरे आहे. तिला कुणी सांगितले नव्हते. म्हणून हे लिहिले. हा अंक वाचून झाला की शेजारच्या घरात द्या, आणि तुमच्या विहारात मागे भिंतीला टेकून कोण बसते ते एकदा पाहा.

जय भीम. नमो बुद्धाय.